खुर्चीत बसलेला डॉक्टर डॉक्टरच असतो

जेनुं काम तेनुं थाय, बीजा करे सो गोता खाय. ही गुजराती म्हण मराठी माणसाच्या तोंडी इतकी बसली आहे की ती परभाषेतली आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. एखाद्या नावाजलेल्या सर्जनने किंवा फिजिशियनने रुग्णालयाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचं, म्हणजे सीईओचं पद स्वीकारलं की ही म्हण हमखास ऐकू येते. त्याच्या जुन्या पेशंटांना हळहळ वाटते, बरोबरीचे डॉक्टर खांदे उडवतात आणि व्यवस्थापनाची पदवी घेतलेली मंडळी सांगू लागतात की हा उलटा प्रवास आहे. डॉक्टरने पेशंट तपासावेत, हिशेब आणि माणसं आमच्यावर सोडावीत.

त्यांचं म्हणणं वरवरचं नाही, म्हणून ते नीट मांडायला हवं. नवरा-बायको दोघं डॉक्टर, खाली दवाखाना, वर वीस खाटा आणि गल्ल्यावर वडील, हा काळ मागे पडला. आज मोठ्या रुग्णालयाची उलाढाल शेकडो कोटींत जाते. विमा कंपन्यांची थकलेली बिलं, एमआरआय यंत्राच्या कर्जाचे हप्ते, परिचारिकांच्या पाळ्या, अग्निशमनाचे परवाने, न्यायालयातले दावे यांतलं एमबीबीएसच्या साडेपाच वर्षांत काय शिकवलं जातं? आणि ज्या हातांनी हजारो हृदयं दुरुस्त केली ते हात फायलींवर सह्या करू लागले तर समाजाचा तोटाच नाही का? एक चांगला डॉक्टर गेला आणि एक कच्चा मॅनेजर मिळाला, असा हा आक्षेप आहे.

आक्षेपाचा पाया मात्र एका गृहीतकावर उभा आहे. रुग्णालयात दोन वेगळी कामं चालतात, एक उपचाराचं आणि एक कारभाराचं, आणि दोघांच्या मधे भिंत आहे, असं ते गृहीतक. ही भिंत नाही. जिथे कोणी ती बांधली तिथे माणसं मेली आहेत.

अमेरिकेतल्या सिएटल शहरातलं व्हर्जिनिया मेसन रुग्णालय घ्या. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे ६९ वर्षांच्या एका बाईंवर मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या फुग्यासाठी उपचार चालले होते. टेबलावर स्टीलच्या वाट्या मांडलेल्या. एकीत क्ष-किरणात रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचायचं द्रव्य, दुसरीत त्वचा पुसायचं जंतुनाशक. पूर्वी तिथे आयोडीन वापरत, आणि आयोडीन तपकिरी असल्यामुळे वाट्यांची गल्लत होणं शक्यच नव्हतं. मग त्याच्या जागी क्लोरहेक्झिडिन आलं. ते पाण्यासारखं नितळ, आणि टोचायचं द्रव्यही नितळ. वाट्यांवर चिठ्ठी नाही. जंतुनाशक सिरिंजमध्ये भरलं गेलं आणि बाईंच्या रक्तवाहिनीत गेलं. काही दिवसांत त्या गेल्या.

जंतुनाशक बदलण्याचा निर्णय कारभाराचा की उपचाराचा? कागदावर तो भांडारातल्या एका वस्तूऐवजी दुसरी वस्तू आणण्याचा निर्णय होता. टेबलापाशी तो जीवन-मरणाचा ठरला. रुग्णालयातली बहुतेक खरेदी अशीच असते. हातमोजे कोणत्या कंपनीचे, सलाईनच्या बाटल्यांवरचं लेबल कोणत्या रंगाचं, रात्रपाळीला आयसीयूत किती सिस्टर, हे सगळे आकडे ताळेबंदात जाऊन बसतात, पण त्याआधी ते पेशंटच्या अंगावरून जातात.

व्हर्जिनिया मेसनचे प्रमुख तेव्हा डॉ. गॅरी कॅप्लन होते. ते स्वतः फिजिशियन. २००० साली त्यांनी सूत्रं घेतली तेव्हा संस्था नुकतीच तोट्यातून गेली होती. २००२ मध्ये ते सहकाऱ्यांना घेऊन जपानला गेले, टोयोटाचा कारखाना पाहिला आणि तिथली एक रीत घरी आणली. कारखान्यात साधा कामगारही चूक दिसली की दोरी ओढून सगळी साखळी थांबवू शकतो. तसं रुग्णालयातल्या कोणालाही, अगदी सफाई कर्मचाऱ्यालाही, धोका दिसला तर काम थांबवण्याचा अधिकार मिळाला. डॉक्टरांपैकी अनेकांना ते रुचलं नव्हतं, माणसं म्हणजे मोटारी नव्हेत असा सूर होता. या बाई गेल्या तेव्हा वकिली सल्ल्याची सोयीची वाट समोर होतीच, गप्प बसण्याची. रुग्णालयाने ती घेतली नाही. चूक आमची आहे असं जाहीर केलं, ती कशी झाली ते लोकांना सांगितलं आणि पुढच्या वर्षासाठी संस्थेचं एकच उद्दिष्ट ठेवलं, पेशंटची सुरक्षितता. नफा, विस्तार, नवी इमारत, सगळं त्याच्या मागे. बिगर-डॉक्टर प्रमुखाला असा निर्णय घेता येणारच नाही असं नाही. पण सिरिंज हातात धरून पेशंटजवळ उभं राहण्याची सवय ज्याला आहे, त्याला ही चूक आपल्या हातूनही झाली असती हे आतून कळतं. लपवण्याच्या मोहावर तेच ज्ञान मात करतं.

इथे विरोधक आपला हुकमी पत्ता काढतात. तो आहे ब्रिस्टलचा.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराच्या रॉयल इन्फर्मरीत १९८० च्या दशकाअखेरीपासून १९९५ पर्यंत लहान बाळांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया होत. तिथे दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण इतर केंद्रांपेक्षा खूप जास्त होतं. स्टीफन बोल्सिन नावाचा एक तरुण भूलतज्ज्ञ हे वर्षानुवर्षं सांगत होता. त्याने आकडे जमवले, वरिष्ठांना दाखवले. कोणी लक्ष दिलं नाही. रुग्णालयाच्या ट्रस्टचे मुख्य कार्यकारी होते डॉ. जॉन रॉयलन्स. ते रेडिओलॉजिस्ट, म्हणजे रीतसर डॉक्टर. १९९५ च्या जानेवारीत दीड वर्षाच्या एका बाळाची शस्त्रक्रिया ठरली. आदल्या संध्याकाळी डॉक्टरांची बैठक झाली, बोल्सिन यांनी विरोध केला. लंडनहून आरोग्य खात्यातल्या एका डॉक्टरनेही रॉयलन्स यांच्याशी बोलून चिंता कळवली. वैद्यकीय निर्णयात मी हात घालू शकत नाही, अशी रॉयलन्स यांची भूमिका राहिली. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि बाळ टेबलावर गेलं.

पुढे ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने ५३ शस्त्रक्रियांची चौकशी केली. त्यांतली २९ बाळं दगावली होती. २००१ मध्ये आलेल्या केनेडी चौकशी अहवालाने अंदाज केला की १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालची तीस ते पस्तीस बाळं अशी गेली, जी दुसऱ्या सर्वसाधारण केंद्रात कदाचित वाचली असती.

विरोधकांचा निष्कर्ष असा, की बघा, डॉक्टर सीईओ होता म्हणून काय फरक पडला? उलट डॉक्टरांनी डॉक्टरांना पाठीशी घातलं.

हा निष्कर्ष ब्रिस्टलचा खटला अर्धाच वाचून काढलेला आहे. १९९८ मध्ये कौन्सिलने दोन सर्जनांना दोषी धरलं, आणि त्यांच्याबरोबर रॉयलन्स यांनाही. त्यांचं नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकलं. त्यांनी प्रिव्ही कौन्सिल या वरच्या न्यायपीठाकडे अपील केलं. त्यांच्या बचावाचा मुद्दा नेमका तोच होता जो आज आपल्याकडचे विरोधक शहाणपण म्हणून सांगतात. मी त्या खुर्चीत डॉक्टर म्हणून नव्हतो, प्रशासक होतो. शस्त्रक्रिया हा तज्ज्ञांचा प्रांत, त्यांच्या शब्दावर विसंबणं हेच माझं काम होतं. १९९९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हा बचाव फेटाळला. रुग्णालयाचा प्रमुख झाला म्हणून डॉक्टरचं पेशंटप्रती असलेलं कर्तव्य संपत नाही. त्याला आलेला इशारा समजण्याइतकं वैद्यकीय ज्ञान त्याच्याकडे होतं, थांबवण्याइतका अधिकारही होता. दोन्ही असून त्याने हात बांधून घेतले.

म्हणजे ब्रिस्टलमध्ये डॉक्टरने कारभारात लुडबुड केल्यामुळे बाळं गेली नाहीत. डॉक्टर असलेल्या प्रमुखाने आपली डॉक्टरकी केबिनच्या दाराबाहेर काढून ठेवली, म्हणून तो इशारा त्याच्यापर्यंत पोचूनही पोचला नाही. ज्याचं काम त्याने करावं ही शिकवण त्याने अक्षरशः पाळली. विरोधकांनी हे उदाहरण आपल्या बाजूने वापरू नये.

याच खटल्यात आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. रॉयलन्स यांचं नाव काढून टाकता आलं, कारण ते नाव एका नोंदवहीत होतं. व्यवस्थापनाची पदवी घेतलेल्या सीईओचं नाव कुठल्या नोंदवहीतून काढणार? त्याला संचालक मंडळ घरी बसवू शकतं, आणि तो सहा महिन्यांत दुसऱ्या साखळीत रुजू होऊ शकतो. रुग्णालयांच्या व्यवस्थापकांनाही अशी नोंदणी लागू करावी, ही मागणी ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं चालू आहे. आपल्याकडे राज्याच्या वैद्यकीय परिषदेची कक्षा डॉक्टरांपुरती. रुग्णालय म्हणून जे काही चुकतं त्याला परिषद हात लावू शकत नाही. डॉक्टर जेव्हा प्रमुखाच्या खुर्चीत बसतो, तेव्हा व्यवसायाच्या आचारसंहितेला वरच्या मजल्यावर पोचायला एक जिना मिळतो. हा जिना काढून टाका म्हणणाऱ्यांनी त्याच्या जागी काय ठेवणार ते सांगितलं पाहिजे.

कारभार कारभाऱ्यांकडे सोपवण्याचा प्रयोग काही कल्पनेतला नाही. ब्रिटनने तो करून पाहिला. १९८३ मध्ये सरकारने रॉय ग्रिफिथ्स यांना राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या कारभाराची पाहणी करायला सांगितलं. ग्रिफिथ्स हे सेन्सबरी या किराणा-भुसार दुकानांच्या मोठ्या साखळीचे व्यवस्थापकीय संचालक. रुग्णालयात जबाबदार माणूस कोण तेच कळत नाही, प्रत्येक ठिकाणी एक सरव्यवस्थापक नेमा, असं त्यांनी सुचवलं. व्यवस्थापनवादी मंडळी या अहवालाला आपलं मूळपीठ मानतात. पण त्याच ग्रिफिथ्स यांनी डॉक्टरांना कारभारात अधिक ओढा, पैशाचे निर्णय त्यांच्याकडे द्या, असंही लिहिलं होतं. किराणा दुकान चालवणाऱ्या हुशार माणसाला जे दिसलं ते त्याच्या अनुयायांच्या वाचनातून निसटलं.

त्याचं फळ पुढे इंग्लंडमधल्या स्टॅफर्डमध्ये दिसलं. तिथलं रुग्णालय चालवणाऱ्या मिड स्टॅफर्डशायर ट्रस्टला स्वायत्त दर्जा हवा होता आणि त्यासाठी हिशेब चोख दाखवायचे होते. एका वर्षात एक कोटी पौंड वाचवायचे म्हणून दीडशेच्या आसपास जागा कमी केल्या. तातडीच्या विभागात आलेल्या पेशंटला आधी कोणी पाहायचं, हे काम नर्सऐवजी स्वागतकक्षातल्या कर्मचाऱ्यांवर आलं. वॉर्डात तहानलेल्या म्हाताऱ्यांनी फुलदाणीतलं पाणी प्यायल्याच्या तक्रारी नातेवाईकांनी केल्या. २००८ मध्ये ट्रस्टला हवा तो दर्जा मिळाला. कागद निर्दोष होते! २०१३ मध्ये रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशी अहवालाने २९० शिफारशी केल्या आणि त्यांचा गाभा एवढाच होता की पेशंटकडे बघा, तक्त्याकडे नको. त्या ट्रस्टचा प्रमुख डॉक्टर नव्हता, आणि तेवढ्यावरून सगळे बिगर-डॉक्टर प्रमुख वाईट असं ठरत नाही. पण व्यावसायिक व्यवस्थापक आला की रुग्णालय आपोआप सुधारतं, हा दावा स्टॅफर्डनंतर कोणी छातीठोकपणे करू नये.

राहता राहिला हिशेब. डॉक्टरांना पैशाचं गणित जमत नाही, हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं गेलं आहे की डॉक्टरांचाही त्यावर विश्वास बसला आहे.

मदुराईचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांना तिशीत संधिवाताने इतकं गाठलं की बोटं वाकडी झाली. स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राकडे जायचा बेत सोडावा लागला. ते नेत्रतज्ज्ञ झाले, त्या वाकड्या बोटांना जमतील अशी अवजारं करून घेतली आणि आयुष्यात लाखाहून अधिक डोळ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. १९७६ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. खाटा ११. आज ते जगातल्या सर्वांत मोठ्या नेत्रसेवा संस्थांपैकी एक आहे आणि तिथे निम्म्याहून अधिक शस्त्रक्रिया मोफत किंवा नाममात्र दरात होतात. हे दानावर चालत नाही. पैसे देणाऱ्या पेशंटांच्या उत्पन्नावर संस्था उभी आहे.

गणित कुठे आहे ते पाहायचं तर तिथल्या ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, डोकवावं. एका सर्जनसमोर दोन टेबलं. एकावर मोतीबिंदू काढणं चालू असतं तेव्हा शेजारच्या टेबलावर दुसऱ्या पेशंटची तयारी पूर्ण होते. सर्जन स्टूलवरून वळतो, मायक्रोस्कोप फिरतो, काम पुढे चालू. तयारी करणाऱ्या मुली आसपासच्या खेड्यांतून आलेल्या, बारावी झालेल्या, संस्थेनेच तयार केलेल्या. सर्जनचा एक मिनिटही हात धुवायला किंवा ड्रेप लावायला वाया जात नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत नेमकं कोणतं पाऊल सर्जनशिवाय होत नाही आणि कोणतं होऊ शकतं, हे ज्याने हजारो वेळा ती केली त्यालाच ठरवता येतं. डोळ्यात बसवायचं भिंग परदेशातून यायचं आणि गरिबाच्या आवाक्याबाहेर असायचं. १९९२ मध्ये अरविंदने ऑरोलॅब काढून ती भिंगं स्वतः बनवायला घेतली आणि किंमत कित्येक पटींनी खाली आणली. कुठल्याही व्यवस्थापन शाळेत हे उदाहरण शिकवतात, पण ते व्यवस्थापन शाळेत जन्मलं नव्हतं.

मुंबईच्या टाटा मेमोरियलचं उदाहरण तर घरचंच. टाटाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये देशभरच्या कॅन्सर रुग्णालयांचं जाळं उभं राहिलं, नॅशनल कॅन्सर ग्रिड. छातीच्या कॅन्सरचे सर्जन आणि टाटा मेमोरियल रुग्णालयाचे संचालक डॉ. सी. एस. प्रमेश यांच्याकडे त्याच्या समन्वयाची धुरा. या जाळ्यातल्या २३ केंद्रांनी ४० औषधं एकत्र खरेदी करायचं ठरवलं. वाचलेली रक्कम १,३२० कोटी रुपयांच्या घरात गेली. काही औषधं २३ टक्क्यांनी स्वस्त मिळाली, काही ९९ टक्क्यांनी. अशी खरेदी फक्त घासाघीस करून होत नाही. कोणती दोन औषधं एकमेकांच्या जागी चालतील, कोणत्या कंपनीच्या मालाच्या दर्जाची खात्री आहे, कोणतं औषध थोडं महाग असलं तरी बदलायचं नाही, यावर डॉक्टरांचं एकमत व्हावं लागतं. ते झालं नाही तर प्रत्येक वॉर्डात आपापला ब्रँड चालू राहतो आणि खरेदी अधिकारी हतबल होतो.

बंगळुरूच्या नारायण हृदयालयात डॉ. देवी शेट्टी यांनी सुरू केलेली रीतही यातलीच. आदल्या दिवसाचा नफा-तोटा रोज दुपारपर्यंत डॉक्टरांच्या मोबाइलवर येतो. महिनाअखेरीचा ताळेबंद म्हणजे शवविच्छेदन आणि रोजचा हिशेब म्हणजे निदान, असा त्यामागचा विचार. रोगी जिवंत असताना त्याची तपासणी करायची ही सवय डॉक्टरचीच.

आता सगळ्यांत भावनिक आक्षेपाकडे. चांगला डॉक्टर वाया गेला.

डॉ. बानू कोयाजी १९४० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयात रुजू झाल्या तेव्हा ते चाळीस खाटांचं प्रसूतिगृह होतं. त्या प्रसूतितज्ज्ञ. पुढची पाच दशकं त्यांनी ते सांभाळलं, वाढवलं, साडेपाचशे खाटांचं सर्वसाधारण रुग्णालय केलं. शहराच्या रास्ता पेठेत बसून त्यांना जे दिसलं ते फक्त हिशेबवहीत दिसलं नसतं. खेड्यातल्या बाया अडून, रक्त जाऊन, फार उशिरा रुग्णालयात पोचत होत्या. खाटा वाढवून हा प्रश्न सुटणार नव्हता. म्हणून पुण्यापासून तीसेक किलोमीटरवरच्या वढू बुद्रुकला केईएमचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा राहिला, गावातल्याच माणसांना आरोग्याचं काम शिकवलं गेलं, तरुण मुली त्यात आल्या. पद्मभूषण १९८९ मध्ये आणि मॅगसेसे पुरस्कार १९९३ मध्ये मिळाला. बानूबाईंनी हयातभर फक्त बाळंतपणं केली असती तर त्यांच्या हातून किती सुटका झाल्या असत्या हे मोजता येतं. वढूच्या परिसरात जी बाळंतपणं अडलीच नाहीत ती मोजता येत नाहीत. त्या वाया गेल्या असं कोणी म्हणणार आहे का?

टाटा मेमोरियल सेंटरचे संचालक म्हणून डॉ. राजेंद्र बडवे यांनी अनेक वर्षं काम केलं आणि स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियाही सोडल्या नाहीत. त्या ओटीतूनच एक प्रश्न त्यांच्या मनात होता. गाठ काढण्याच्या काही मिनिटं आधी तिच्याभोवती लिग्नोकेन टोचलं, दात काढताना देतात तेच भुलीचं स्वस्त औषध, तर कॅन्सरच्या पेशींचं पसरणं कमी होईल का? ११ केंद्रांतल्या जवळपास सोळाशे बायकांवर अभ्यास झाला. २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के सहा वर्षांनी हयात होत्या, न मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के. औषधाला पेटंट नाही, म्हणून कुठलीही कंपनी या अभ्यासावर पैसा घालणार नव्हती. तो करायचा तर प्रश्न विचारणारा सर्जन आणि संस्थेची दिशा ठरवणारा प्रमुख एकाच बाजूला लागतात. इथे ते एकच होते.

ठोकळ आकड्यांचा आधार हवा असेल तर तोही आहे, मात्र जपून वापरायला हवा. ॲमांडा गुडॉल या संशोधिकेने २०११ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सर, पचनविकार आणि हृदयविकार या तीन शाखांतल्या आघाडीच्या शंभर-शंभर रुग्णालयांचे प्रमुख तपासले. डॉक्टर प्रमुख असलेल्या रुग्णालयांचे गुणवत्तेचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी जास्त निघाले. यावरून डॉक्टर प्रमुखामुळेच रुग्णालय चांगलं झालं असं सिद्ध होत नाही, चांगली रुग्णालयं डॉक्टरांना निवडत असतील असंही असू शकतं, आणि हे गुडॉल यांनीही मान्य केलं आहे. तरीही मेयो क्लिनिक आणि क्लीव्हलँड क्लिनिक या दोन्ही संस्था सुरुवातीपासून डॉक्टरांच्याच नेतृत्वाखाली आहेत, आणि दोन्हींकडे डॉक्टर पगारावर काम करतात, प्रत्येक शस्त्रक्रियेमागे कमिशनवर नाही, हे योगायोगाने घडलेलं नाही.

क्लीव्हलँडचे डॉ. टोबी कॉसग्रोव्ह यांच्या गोष्टीत मात्र डॉक्टरांनाही खाली मान घालून ऐकावं असं काही आहे. हृदयाच्या वीस हजारांहून अधिक शस्त्रक्रिया केलेला हा सर्जन २००४ मध्ये प्रमुख झाला. हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेत एका वर्गात ते बोलत असताना एका विद्यार्थिनीने त्यांना सांगितलं की तिच्या वडिलांना झडपेची शस्त्रक्रिया हवी होती. क्लीव्हलँडचे निकाल उत्तम हे ठाऊक असूनही ते मेयोला गेले, कारण तुमच्याकडे आपुलकी नाही असं ऐकलं होतं. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना आपुलकी शिकवता का? कॉसग्रोव्ह यांच्याकडे उत्तर नव्हतं. आयुष्यभर त्यांनी टाके आणि निकाल मोजले होते. पुढे त्यांनी चाळीस हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना, सर्जनपासून झाडू मारणाऱ्यापर्यंत, एकाच टेबलाभोवती बसवून पेशंटशी वागण्यावर बोलायला लावलं. डॉक्टरची पदवी एवढ्यावर प्रमुखपद देऊ नये, खुर्चीत बसणाऱ्याला पुष्कळ नव्याने शिकावं लागतं, हे विरोधकांचं म्हणणं इथे पूर्ण मान्य करावं. आणि आपल्याकडे डॉक्टर प्रमुखांनीच सर्जनांना महिन्याच्या शस्त्रक्रियांचं टार्गेट देणं आणि कट प्रॅक्टिसकडे काणाडोळा करणं, हेही घडतं. पदवी म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे.

महाराष्ट्रात या वादाला आणखी एक अंग आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा अधिष्ठाता डॉक्टरच असतो, जिल्हा रुग्णालयाचा शल्यचिकित्सक डॉक्टरच असतो. म्हणून डॉक्टरांच्या हाती कारभार देऊन काय झालं, असा प्रश्न विचारला जातो. तो विचारणाऱ्यांनी नांदेड आठवावं. २०२३ मध्ये सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळं. ४८ तासांत आकडा ३१ वर गेला. मग एक खासदार तिथे गेले आणि कॅमेऱ्यांसमोर अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून संडास साफ करून घेतला.

तो अधिष्ठाता प्रभारी होता. औषधांची मोठी खरेदी त्याच्या हातात नव्हती. ती आधी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे होती, मग त्याच वर्षी नव्या प्राधिकरणाकडे गेली. रिकामी पदं भरणं त्याच्या हातात नव्हतं, ते मुंबईत ठरतं. खाटांपेक्षा जास्त पेशंट आले तर नाही म्हणायची मुभा नव्हती, आणि सरकारी रुग्णालयाने नाही म्हणूही नये. ब्रिस्टलच्या प्रमुखाकडे अधिकार होता आणि त्याने जबाबदारी नाकारली. नांदेडच्या प्रमुखाकडे सगळी जबाबदारी होती आणि अधिकार जवळपास काहीच नाही. त्याला डॉक्टर सीईओचं उदाहरण म्हणणं हा त्याच्यावर दुसरा अन्याय आहे. अधिष्ठात्याला औषध खरेदीचा पुरेसा निधी, रिकामी पदं स्थानिक पातळीवर तात्पुरती भरण्याचा हक्क आणि ठरावीक मुदतीची नेमणूक द्या, मग त्याचा हिशेब मागा.

खासगी आणि धर्मादाय रुग्णालयांत गोष्ट उलटी आहे, तिथे ब्रिस्टलचा बचाव रोज ऐकू येतो. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बलांना सवलतीत द्याव्यात, बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवावी, आणि तातडीच्या पेशंटला दाखल करून धोक्याबाहेर येईपर्यंत उपचार द्यावेत, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने लागू आहे. त्यामागे विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक आहे. तरी रात्री दोन वाजता काउंटरवर अनामत रक्कम मागितली जाते. नातेवाईक वर जाऊन विचारतात तेव्हा डॉक्टर असलेला संचालक म्हणतो, ते बिलिंगचं काम आहे, मी त्यात पडत नाही. रॉयलन्स यांनी प्रिव्ही कौन्सिलपुढे याहून वेगळं काही सांगितलं नव्हतं.

अशा संचालकाच्या केबिनच्या दारावर पितळी पाटी असते आणि तिच्यावर नावाआधी 'डॉ.' लिहिलेलं असतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी टिकवायची तर त्याला दर पाच वर्षांनी ती नूतन करावी लागते, त्यासाठी परिषदा आणि व्याख्यानांना बसून तीस क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात, आणि तो ते जमवतो. नोंदणी चालू ठेवायची, पाटीवरचं 'डॉ.' ठेवायचं आणि काउंटरवर अडलेल्या बाळंतिणीचा प्रश्न आला की आपण प्रशासक आहोत म्हणायचं, हे त्याला करता येणार नाही. त्या बाळंतिणीच्या नवऱ्याला ती पाटी वाचता येते. पाटी वाचूनच त्याने ते दार ठोठावलेलं असतं.